कोणापैकी किती? दुहेरी कोष्टकातून संभाव्यता काढताना

टायटॅनिक जहाजावर जेवढ्या स्त्रिया होत्या, त्यांपैकी ७३ टक्के वाचल्या. आणि त्या दुर्घटनेतून जेवढी माणसं वाचली, त्यांत स्त्रिया होत्या ४८ टक्के. दोन्ही विधानं खरी आहेत आणि एकाच कागदावरून काढलेली आहेत. इतकंच काय, दोन्हींच्या अंशस्थानी आकडाही एकच आहे: ३४४. बदलला आहे तो छेद. संभाव्यतेतले बहुतेक घोटाळे छेदातच होतात, आणि छेद डोळ्यांसमोर ठेवायचं सगळ्यात साधं साधन म्हणजे दुहेरी कोष्टक. संख्याशास्त्राच्या वर्गात याला कॉन्टिन्जन्सी टेबल म्हणतात. हे नाव कार्ल पिअर्सन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९०४ साली रूढ केलं. नाव भारदस्त आहे, पण आत बेरीज आणि भागाकार यांच्यापलीकडे फारसं काही नाही.

टायटॅनिक १५ एप्रिल १९१२ रोजी बुडालं. त्यानंतर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या चौकशीच्या अहवालात जहाजावरच्या माणसांची मोजदाद दिली आहे: एकूण २२०१, त्यांपैकी वाचले ७११. (इतर याद्यांमध्ये एकूण आकडा थोडा वेगळा सापडतो. आपण या लेखात ही एकच मोजदाद धरून चालू.) ही मोजदाद दोन प्रश्नांच्या उत्तरांनी विभागली, स्त्री की पुरुष आणि वाचले की नाही, की कोष्टक तयार होतं. मुलगे पुरुषांत आणि मुली स्त्रियांत धरल्या आहेत.

| | वाचले | मरण पावले | एकूण |
|---|---|---|---|
| स्त्रिया | ३४४ | १२६ | ४७० |
| पुरुष | ३६७ | १३६४ | १७३१ |
| एकूण | ७११ | १४९० | २२०१ |

मधल्या चार चौकटींत माणसं आहेत. कडेला आणि तळाला आहेत त्या बेरजा, आणि उजव्या कोपऱ्यात सगळ्यांची बेरीज. प्रत्येक माणूस मधल्या चारपैकी एकाच चौकटीत येतो आणि एका तरी चौकटीत येतोच. ही अट पाळली गेली नसेल तर पुढचं सगळं गणित फोल.

आता "संभाव्यता" म्हणजे इथे नेमकं काय? जे घडायचं ते शंभराहून जास्त वर्षांपूर्वी घडून गेलं, मग शक्यता कसली मोजायची? कल्पना अशी करायची: २२०१ जणांच्या नावांच्या २२०१ चिठ्ठ्या आहेत आणि आपण न बघता एक उचलतो. ती चिठ्ठी वाचलेल्या माणसाची निघण्याची संभाव्यता ७११ भागिले २२०१, म्हणजे ०.३२३, जवळपास ३२ टक्के. सगळ्या समष्टीची, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या प्रत्येकाची, माहिती हाती असते तेव्हा संभाव्यता म्हणजे प्रमाणच. त्यात अंदाज नाही, नमुना नाही, चुकीची मर्यादा नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की हा आकडा फक्त याच २२०१ जणांबद्दल बोलतो. दुसरं जहाज बुडालं तर किती वाचतील, हे तो सांगत नाही. जनगणनेची कोष्टकं वाचतानाही हे लक्षात ठेवावं लागतं: गणनेच्या दिवशीच्या लोकसंख्येबद्दल ती पक्कं बोलतात, पाच वर्षांनंतरच्या लोकसंख्येबद्दल नाही.

कोष्टकातून पहिल्या फटक्यात दोन प्रकारच्या संभाव्यता निघतात. कडेच्या बेरजेला कोपऱ्यातल्या आकड्याने भागलं की एकाच गुणधर्माची संभाव्यता मिळते: चिठ्ठी स्त्रीची असणं म्हणजे ४७० भागिले २२०१, सुमारे २१ टक्के. हिला सीमांत संभाव्यता म्हणतात, कारण ती कोष्टकाच्या सीमेवरच्या आकड्यांतून येते. मधल्या चौकटीला कोपऱ्यातल्या आकड्याने भागलं की दोन्ही गोष्टी एकदम असण्याची संभाव्यता मिळते: स्त्री असणं आणि वाचलेली असणं म्हणजे ३४४ भागिले २२०१, जेमतेम १६ टक्के. ही संयुक्त संभाव्यता.

"आणि"च्या जागी "किंवा" आलं की थोडं सांभाळून चालावं लागतं. चिठ्ठी स्त्रीची किंवा वाचलेल्या माणसाची असण्याची संभाव्यता किती? घाईघाईत ४७० आणि ७११ मिळवून ११८१ असं उत्तर लिहिलं जातं. पण वाचलेल्या ३४४ स्त्रिया त्यात दोनदा मोजल्या गेल्या, एकदा स्त्रिया म्हणून आणि एकदा वाचलेल्या म्हणून. त्या एकदा वजा करायच्या: ८३७. सूत्र पाठ असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. कोष्टकात या अटीत न बसणारी चौकट एकच आहे, मेलेल्या पुरुषांची. २२०१ मधून १३६४ काढले की ८३७ उरतात. उत्तर ३८ टक्के. "किंवा"चं गणित असं उलट्या बाजूने, काय नाही यावरून, करणं मला नेहमी जास्त भरवशाचं वाटतं.

खरी मेख पुढे आहे.

"चिठ्ठी स्त्रीची आहे, असं आपल्याला कळलं. आता ती वाचलेली असण्याची संभाव्यता किती?" या प्रश्नात एक माहिती आधीच मिळालेली आहे, आणि मिळालेली माहिती कोष्टकाचा काही भाग पुसून टाकते. पुरुषांच्या ओळीवर हात ठेवा. उरली एकच ओळ: ३४४, १२६, ४७०. आता आपलं जग २२०१ जणांचं नाही, ४७० जणींचं आहे. ३४४ भागिले ४७०, म्हणजे ०.७३२. हीच सशर्त संभाव्यता. पुस्तकात ती संयुक्त संभाव्यता भागिले सीमांत संभाव्यता अशी लिहिलेली असते. तसं करूनही उत्तर हेच येतं, कारण वरचा आणि खालचा २२०१ एकमेकांना उडवतात. पण ओळीवर हात ठेवणं जास्त सोपं आहे आणि त्यात अर्थही दिसतो.

आता प्रश्न उलटा करू. "चिठ्ठी वाचलेल्या माणसाची आहे. ती स्त्री असण्याची संभाव्यता किती?" या वेळी हात ठेवायचा तो मेलेल्यांच्या स्तंभावर. उरला स्तंभ ३४४, ३६७, ७११. उत्तर ३४४ भागिले ७११, म्हणजे ४८ टक्के. वाचलेल्यांमध्ये पुरुष स्त्रियांपेक्षा जास्त होते, ३६७ विरुद्ध ३४४. एवढाच आकडा कोणी पुढे केला, तर "स्त्रियांना आधी" हा नियम पाळलाच गेला नाही, असं वाटेल. प्रत्यक्षात स्त्रियांपैकी ७३ टक्के वाचल्या आणि पुरुषांपैकी २१ टक्के. पुरुष वाचलेल्यांत जास्त दिसतात, कारण जहाजावर मुळात ते पावणेचार पट होते.

ही अदलाबदल रोजच्या वाचनात सर्रास सापडते. "अपघातग्रस्तांपैकी इतके टक्के अमुक वयाचे" आणि "अमुक वयाच्यांपैकी इतक्या टक्क्यांना अपघात" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, पण बातमीच्या मथळ्यात ती एकमेकांच्या जागी बिनदिक्कत बसवली जातात. न्यायालयातही हा गोंधळ होतो: "आरोपी निर्दोष असेल तर हा पुरावा जुळण्याची शक्यता लाखात एक" याचं "पुरावा जुळला, म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक" असं रूपांतर गुपचूप होऊन जातं. पहिल्या वाक्यात छेदाला निर्दोष माणसं आहेत, दुसऱ्यात पुरावा जुळलेली माणसं. कुठलीही टक्केवारी समोर आली की आधी एकच विचारायचं: कोणापैकी? उत्तर मिळत नसेल तर तो आकडा बाजूला ठेवलेला बरा.

दोन गुणधर्मांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हेही याच कोष्टकातून कळतं. संबंध नसता तर स्त्रियांपैकी आणि पुरुषांपैकी सारख्याच टक्क्यांनी माणसं वाचली असती: एकूण वाचलेल्यांइतकी, ३२ टक्के. मग ४७० स्त्रियांपैकी वाचल्या असत्या ४७० गुणिले ७११ भागिले २२०१, सुमारे १५२. प्रत्यक्षात वाचल्या ३४४. तफावत १९२ ची. गंमत अशी, की बाकीच्या तीन चौकटींसाठी हेच गणित केलं तर प्रत्येक ठिकाणी तफावत १९२ चीच येते, कुठे जास्तीची तर कुठे कमतरतेची. यात योगायोग काही नाही. कडेच्या बेरजा पक्क्या असतील तर दोन बाय दोनच्या कोष्टकात एक चौकट भरली की उरलेल्या तिन्ही आपोआप ठरतात. संख्याशास्त्राच्या भाषेत इथे स्वातंत्र्याची मात्रा एक आहे, असं म्हणतात, ते याचसाठी.

पिअर्सनने १९०० साली मांडलेली काय-वर्ग चाचणी या तफावतींवरच उभी आहे. ती इथे फार ताणत नाही, कारण तिचा खरा उपयोग नमुन्यासाठी: हजार जणांना विचारलं, संबंध दिसला, तो खरा की योगायोगाने आलेला? समष्टीच हाती असेल तर संबंध आहे की नाही हे समोरच दिसतं. तो का आहे, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर कोष्टक देत नाही.

कधी कधी कोष्टक आयतं मिळत नाही, फक्त टक्केवाऱ्या मिळतात. रोगनिदान चाचण्यांचं ठरलेलं उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत. एका लोकसंख्येत १ टक्का लोकांना एक आजार आहे. चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्के जणांना बरोबर पकडते. निरोगी माणसांपैकी ५ टक्के जणांना ती चुकून "आजारी" ठरवते. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याला आजार असण्याची शक्यता किती?

बहुतेकांच्या मनात पहिला आकडा येतो ९० टक्के. इथे सशर्त संभाव्यता उलटी करून देणाऱ्या बेझच्या सूत्राकडे धावायची गरज नाही. १०,००० माणसं माना आणि कोष्टक भरत जा.

| | पॉझिटिव्ह | निगेटिव्ह | एकूण |
|---|---|---|---|
| आजारी | ९० | १० | १०० |
| निरोगी | ४९५ | ९४०५ | ९९०० |
| एकूण | ५८५ | ९४१५ | १०,००० |

भरायचा क्रम महत्त्वाचा. आधी उजवीकडच्या कडेच्या बेरजा: १० हजारांचा १ टक्का म्हणजे १०० आजारी, उरलेले ९९०० निरोगी. मग प्रत्येक ओळ आपापल्या टक्केवारीने फोडायची. शेवटी तळाच्या बेरजा. प्रश्नात चाचणी पॉझिटिव्ह आल्याचं दिलं आहे, म्हणजे पहिला स्तंभ सोडून बाकीच्यावर हात. ९० भागिले ५८५: सव्वापंधरा टक्क्यांच्या आसपास. पॉझिटिव्ह आलेल्या दर सहा-सात जणांपैकी एकच खरोखर आजारी. चाचणी वाईट आहे म्हणून असं होत नाही. निरोगी माणसं इतकी जास्त आहेत, की त्यांच्यातले ५ टक्केही आजाऱ्यांतल्या ९० टक्क्यांना गिळून टाकतात.

हीच चाचणी जिथे २० टक्के लोक आजारी आहेत अशा ठिकाणी वापरली तर? २००० आजाऱ्यांपैकी १८०० पॉझिटिव्ह, ८००० निरोग्यांपैकी ४०० पॉझिटिव्ह. आता पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जवळपास ८२ टक्के खरे आजारी. चाचणी तीच, चुकीचं प्रमाण तेच, अर्थ मात्र पार बदलला. लक्षणं असलेल्या माणसाची चाचणी आणि सरसकट सगळ्यांची तपासणी यांच्या निकालांकडे डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतात, त्याचं एक कारण हे आहे. थॉमस बेझचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या सूत्रावर तेव्हापासून ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. रोजच्या वापरापुरतं मात्र दहा हजार माणसांचं कोष्टक पुरेसं आहे.

परत जहाजाकडे. आता स्त्री-पुरुष बाजूला ठेवून तिकिटाचा वर्ग घेऊ.

| | वाचले | मरण पावले | एकूण |
|---|---|---|---|
| पहिला वर्ग | २०३ | १२२ | ३२५ |
| दुसरा वर्ग | ११८ | १६७ | २८५ |
| तिसरा वर्ग | १७८ | ५२८ | ७०६ |
| खलाशी व कर्मचारी | २१२ | ६७३ | ८८५ |
| एकूण | ७११ | १४९० | २२०१ |

ओळीनुसार टक्के काढले तर पहिल्या वर्गातले ६२, दुसऱ्यातले ४१, तिसऱ्यातले २५ आणि कर्मचाऱ्यांपैकी २४ टक्के वाचले. अगदी पायऱ्या उतरत गेल्यासारखं. तळाशी कर्मचारी, तिसऱ्या वर्गाच्या किंचित खाली. एवढं बघून कोणी म्हणेल की कर्मचाऱ्यांची अवस्था तिसऱ्या वर्गाहून वाईट होती.

आता शेवटच्या दोन ओळी स्त्री-पुरुष अशा फोडू.

| | वाचले | एकूण | टक्के |
|---|---|---|---|
| तिसऱ्या वर्गातल्या स्त्रिया | ९० | १९६ | ४६ |
| कर्मचारी स्त्रिया | २० | २३ | ८७ |
| तिसऱ्या वर्गातले पुरुष | ८८ | ५१० | १७ |
| कर्मचारी पुरुष | १९२ | ८६२ | २२ |

स्त्रियांची तुलना करा: कर्मचारी पुढे. पुरुषांची करा: कर्मचारीच पुढे. दोघांची बेरीज करा: कर्मचारी मागे! बेरजेत कुठेही चूक नाही, तपासून पाहा. ९० आणि ८८ मिळून १७८. २० आणि १९२ मिळून २१२.

कारण कडेच्या बेरजांत दडलेलं आहे. तिसऱ्या वर्गात दर शंभरात २८ स्त्रिया होत्या, कर्मचाऱ्यांत तीनसुद्धा नाहीत. आणि त्या रात्री जगण्या-मरण्यावर सगळ्यात मोठा परिणाम स्त्री असण्या-नसण्याचा होता. त्यामुळे तिसऱ्या वर्गाची एकूण सरासरी त्यातल्या स्त्रियांनी वर खेचली, आणि कर्मचाऱ्यांची सरासरी जवळजवळ निव्वळ पुरुषांची राहिली. दोन गटांची तुलना करतोय असं आपल्याला वाटत होतं. प्रत्यक्षात त्या गटांमधल्या स्त्री-पुरुष मिश्रणाची तुलना चालली होती.

एडवर्ड सिम्पसनने १९५१ साली या उलटापालटीवर लिहिलं म्हणून तिला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. जॉर्ज उडनी यूलने ती गोष्ट १९०३ सालीच दाखवली होती, पण नावाचा मान सिम्पसनकडे गेला. नेहमीचं उदाहरण अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांचं दिलं जातं. सर्वांत मोठ्या सहा विभागांत मिळून अर्जदार पुरुषांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ३० टक्क्यांना प्रवेश मिळाला होता, पण विभागवार पाहिलं तर सहापैकी चार विभागांत स्त्रियांचंच प्रमाण पुरुषांहून जास्त होतं. जिथे प्रवेश मिळणं अवघड, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त गेले होते.

अशा वेळी न्याय्य तुलना करायची तर लोकसंख्याशास्त्रज्ञ प्रमाणीकरण करतात. दोन्ही गटांना एकच मिश्रण द्यायचं आणि मग दर काढायचा. समजा कर्मचाऱ्यांतही तिसऱ्या वर्गासारख्याच १९६ स्त्रिया आणि ५१० पुरुष असते, आणि वाचण्याचे दर कर्मचाऱ्यांचे स्वतःचे. १९६ च्या ८७ टक्के म्हणजे सुमारे १७०, ५१० च्या २२.३ टक्के म्हणजे सुमारे ११४. एकूण २८४, आणि ७०६ पैकी ते होतात ४० टक्के. २५ विरुद्ध २४ वाटणारी लढत आता २५ विरुद्ध ४० झाली. दोन प्रदेशांचे मृत्युदर ताडून पाहताना वयोमानाचं प्रमाणीकरण करतात तेही हेच. ज्या प्रदेशात म्हातारी माणसं जास्त, तिथे मृत्युदर जास्त असणारच. त्यावरून तिथली आरोग्यव्यवस्था वाईट ठरत नाही.

मग फोडत कुठवर जायचं? मोह होतो खरा. दुसऱ्या वर्गाचे ४१ टक्के मधली पायरी म्हणून ठीकठाक वाटतात. पण त्या वर्गातले फक्त प्रौढ पुरुष वेगळे काढले तर १६८ पैकी वाचले १४, म्हणजे आठ टक्के. तिसऱ्या वर्गातल्या प्रौढ पुरुषांपैकी वाचले ४६२ पैकी ७५, म्हणजे १६ टक्के. पायऱ्यांचं ते नीटनेटकं चित्र इथे साफ मोडतं: दुसऱ्या वर्गाच्या प्रौढ पुरुषांची गत सगळ्यात वाईट झाली, आणि एकूण आकड्यात ती कुठेही दिसत नाही, कारण त्याच वर्गातल्या १०६ स्त्रियांपैकी ९३ वाचल्या होत्या. हे असं का झालं, याचं उत्तर कोष्टकाकडे मागू नये. जीवरक्षक नावा एकूण २०, त्यांत जागा ११७८, आणि वाचले ७११. म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक माणसांना पुरतील एवढ्या जागा असूनही एक तृतीयांशसुद्धा वाचले नाहीत. ते का, हे समजायला साक्षी-जबान्या वाचाव्या लागतात, टक्केवारी नाही.

फोडण्याला एक व्यवहारी मर्यादाही आहे. कर्मचारी स्त्रिया २३ च होत्या. त्यांच्यातली आणखी एक जरी मेली असती, तरी ८७ टक्क्यांचे ८३ झाले असते. चौकट जितकी लहान, तितका एकेका माणसाचा टक्केवारीवर भार जास्त. म्हणून लहान चौकटीच्या शेजारी नुसते टक्के न लिहिता मूळ संख्या लिहावी: "२३ पैकी २०". वाचणाऱ्याला आपोआप कळतं, यावर किती विसंबायचं ते.

जनगणनेसारख्या मोठ्या माहितीत लहान चौकटींचा आणखी एक प्रश्न निघतो. एखाद्या छोट्या गावाच्या कोष्टकात वय, शिक्षण, व्यवसाय असं फोडत गेलं तर चौकटीत एकच माणूस उरतो, आणि तो कोण हे गावाला माहीत असतं. म्हणून अनेक संख्याशास्त्रीय संस्था लहान आकडे दडवतात, जवळच्या पूर्णांकात गोल करतात किंवा त्यांत मुद्दाम थोडी ढवळाढवळ करतात. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेत गोपनीयतेसाठी आकड्यांत हेतुपुरस्सर गणिती गोंगाट मिसळला. त्यामुळे अशा कोष्टकांत चौकटींची बेरीज कडेच्या बेरजेशी दोन-चारने जुळत नसेल तर लगेच चूक शोधायला बसू नये. आधी तळटीप वाचावी.

गट पाडतानाही निर्णय घ्यावे लागतात आणि ते कोष्टकात दिसत नाहीत. टायटॅनिकवर आठ वादक होते, ते सगळे बुडाले. ते काम करत होते, पण दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर. त्यांना कर्मचाऱ्यांत धरायचं की प्रवाशांत? दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण एकदा ठरवल्यावर दोन्हीकडे मोजायचं नाही आणि दोन्हीकडून वगळायचंही नाही. तसंच "माहिती नाही" या उत्तराचं. लोकसंख्येच्या कोष्टकात बहुतेकदा असा एक स्तंभ असतोच. तो छेदात धरला तर सगळे टक्के थोडे खाली येतात, वगळला तर वर जातात. दोन अहवालांतले आकडे जुळत नसतील तर पुष्कळदा कारण एवढंच असतं.

आता हे सगळं हाताने करायची वेळ क्वचितच येते. स्प्रेडशीटमध्ये माणशी एक ओळ असलेली यादी असेल तर पिव्हट टेबल घालायचं. एक गुणधर्म ओळींत टाकायचा, एक स्तंभांत, आणि मोजणी मागायची. कोष्टक क्षणात तयार. नंतर टक्के दाखवायला सांगितलं की तीन पर्याय समोर येतात: एकूण बेरजेचे टक्के, ओळीच्या बेरजेचे टक्के आणि स्तंभाच्या बेरजेचे टक्के. पहिल्याने संयुक्त संभाव्यता मिळते, उरलेल्या दोघांनी दोन दिशांच्या सशर्त संभाव्यता. वरच्या पहिल्या कोष्टकात वाचलेल्या स्त्रियांच्या चौकटीत हे तीन पर्याय अनुक्रमे १६, ७३ आणि ४८ दाखवतील. कुठला निवडलाय हे कोष्टकाच्या डोक्यावर शब्दांत लिहून ठेवावं, कारण फाइल पुढे पाठवली की निवडलेला पर्याय कोणी उघडून बघत नाही. कोष्टकात १०० टक्के कुठे लिहिलेत ते मात्र बघता येतं: ओळीच्या शेवटी असतील तर छेद ओळीचा, स्तंभाच्या तळाशी असतील तर स्तंभाचा, आणि फक्त कोपऱ्यात असतील तर सगळ्यांचा.